राहते घर : ‘स्मृतिचित्रे’, ‘धग’ आणि ‘वाडा चिरेबंदी’

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण सर्वतोमुखी आहे. घर उभे करणे किती दुष्कर, याचा अनुभव तीत साठवलेला आहे. परंतु उभ्या राहिलेल्या घरात माणसाला राहता येईल की नाही, या प्रश्नाविषयी म्हण मौन पाळते. घर बांधण्याचा हिशेब चुना, वीट, लाकूड आणि मजुरी यांत मांडता येतो. घरात राहण्याचा हिशेब असा मांडता येत नाही. तो मांडण्याचे काम जगातील सर्व भाषांत वाङ्मयाकडेच आलेले आहे आणि मराठी वाङ्मयानेही ते आपल्या परीने केले आहे. प्रस्तुत लेखात तीन मराठी कृतींच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. लक्ष्मीबाई टिळक यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे चार भागांत १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालेले आत्मचरित्र, उद्धव शेळके यांची १९६० सालची ‘धग’ ही कादंबरी आणि महेश एलकुंचवार यांचे १९८५ साली रंगभूमीवर आलेले ‘वाडा चिरेबंदी’ हे नाटक, अशा या तीन कृती होत. एक आत्मचरित्र, एक कादंबरी आणि एक नाटक अशी ही निवड विजोड वाटण्याचा संभव आहे. परंतु एकाच प्रश्नाला तीन निरनिराळ्या वाङ्मयप्रकारांनी दिलेली उत्तरे शेजारी शेजारी ठेवली, म्हणजे प्रत्येकाचे स्वरूप अधिक स्पष्ट होते, असा माझा अनुभव आहे.

प्रारंभी शब्दांकडे पाहू. मराठीत ‘घर’ या शब्दाजवळच ‘बिऱ्हाड’, ‘संसार’ आणि ‘वाडा’ हे शब्द नांदतात. पण त्यांचे अर्थ एक नव्हेत. वाडा ही वास्तू आहे. बिऱ्हाड म्हणजे उचलून नेता येण्याजोगा संसार. विंचवाचे तर ते पाठीवरच असते. संसार हा माणसामाणसांतील व्यवहार आहे. घर म्हणताना आपल्याला या तिन्हींतील काहीतरी अभिप्रेत असते, परंतु त्यांपैकी कोणत्याही एकाने घर पुरे होत नाही. आपण निवडलेल्या तीन कृतींत हे तिन्ही शब्द जणू वाटून घेतलेले आहेत. ‘वाडा चिरेबंदी’त वास्तू आहे, ‘धग’मध्ये संसाराची जिद्द आहे आणि ‘स्मृतिचित्रे’त एकामागून एक बिऱ्हाडे आहेत. यांपैकी राहण्याजोगे घर कोठे आढळते, हे आता पाहावयाचे आहे.

कालक्रमाने शेवटची असलेली कृती प्रथम घेतो, कारण घराविषयीचा आपला सर्वांत दृढ समज तिने तपासला आहे. भक्कम वास्तू, वडिलोपार्जित नाव आणि एकत्र कुटुंब असले म्हणजे घर आपोआप राहण्याजोगे होते, असा हा समज आहे. एलकुंचवारांच्या नाटकातील विदर्भामधील देशपांडे घराण्याकडे हे सर्व आहे. तात्याजींच्या मृत्यूनंतर सारे कुटुंब वाड्यात एकत्र जमते. मुंबईहून सुधीर आणि अंजली येतात. तेराव्याच्या गावजेवणाचा खर्च कोणी आणि कसा करावयाचा, यावर खल होतो. अंगणात ट्रॅक्टर गंजत उभा आहे. अंथरुणाला खिळलेली दादी पुन्हापुन्हा वेळ विचारते. घरातील सोने एका रात्री वहिनींच्या अंगावर चढते आणि पुढे तेच सोने घेऊन रंजू घर सोडते.

या नाटकाचे वर्णन ‘सरंजामी व्यवस्थेच्या ऱ्हासाचे चित्र’ असे करण्याचा प्रघात आहे आणि ते खोटे नाही. परंतु एवढ्याने नाटकाचा गाभा हाती लागत नाही. ऱ्हास म्हणजे केवळ पैसा सरणे, असे मानले तर या वाड्यात पैसा आला असता की सर्व काही सुरळीत झाले असते, असे म्हणावे लागेल. नाटक तसे म्हणत नाही. प्रभाला शिकावयाचे होते आणि तिला शिकू दिले गेले नाही. तो निर्णय झाला तेव्हा वाड्यात पैसा नव्हता असे नाही. चंदू घरासाठी राबतो, पण त्याला काय वाटते हे कोणी विचारीत नाही. विचारण्याला पैसा लागत नाही. या वाड्यात प्रत्येक जण बोलतो, परंतु एकाच्या बोलण्याने दुसऱ्याचा निर्णय क्वचितच बदलतो. दादीचा प्रश्न आणि त्याला मिळणारे यांत्रिक उत्तर ही या घरातील सर्व संभाषणांची सारभूत आकृती आहे. ज्या घरात बोलण्याचा परिणाम होत नाही, त्या घरातून माणसे एक तर निघून जातात किंवा आतल्या आत विझतात. रंजू पहिला मार्ग घेते आणि प्रभेच्या वाट्याला दुसरा येतो. चिरे पक्के असूनही वाडा राहण्याजोगा उरलेला नाही, याचे कारण हे आहे.

दुसरा समज याच्या उलट आहे. वास्तूचे काय घेऊन बसलात, घर बाईच्या हातावर उभे असते. कर्ती गृहिणी असली की झोपडीचाही महाल होतो, असे आपण भाषणांतून आणि निबंधांतून ऐकत आलो आहो. ‘धग’ने या समजाला जे उत्तर दिले आहे, ते मराठी कादंबरीतील अत्यंत प्रामाणिक उत्तरांपैकी एक होय. कौतिक ही या कादंबरीची नायिका. नवरा महादेव शिंपीकाम करणारा, मनाने दुबळा, जबाबदारीपासून अंग काढणारा. कौतिक कष्टाळू आहे, मानी आहे, बुद्धीने तल्लख आहे. गृहिणीच्या अंगी जे जे गुण असावेत म्हणून आपण सांगतो, ते ते तिच्या ठायी आहेत. तरी संसार हातचा निसटत जातो. दारिद्र्य आहेच, त्यात महादेवला महारोग होतो, आणि अखेरीस कौतिकचे मनही त्या भाराखाली ढासळते.

शेळके यांचे मोठेपण असे की त्यांनी कौतिकच्या कर्तृत्वात कोठेही उणीव ठेवली नाही. तिच्या स्वभावात एखादा दोष दाखवून तिच्या शोकांतिकेचे खापर त्या दोषावर फोडण्याची सोय त्यांना होती. ती त्यांनी घेतली नाही. त्यामुळे वाचकाला पळवाट उरत नाही. एका माणसाच्या कष्टावर घर उभे राहते, परंतु ते टिकत नाही. आणि ज्याच्या खांद्यावर ते उभे असते, त्याला तर ते कधीच राहण्याजोगे नसते. वऱ्हाडी बोलीचा या कादंबरीतील उपयोगही याच दृष्टीने पाहिला पाहिजे. ती बोली प्रादेशिक रंग भरण्यापुरती आलेली नाही. कौतिकला स्वतःची भाषा आहे, तीत धार आहे. पण तिचे म्हणणे झेलणारे दुसरे माणूस घरात नाही. वाड्यात बोलणारे पुष्कळ आहेत आणि ऐकणारा कोणी नाही. कौतिकच्या घरात बोलणारी एकटी आहे आणि तिच्या बरोबरीने ओझे उचलणारा कोणी नाही.

आता ‘स्मृतिचित्रे’कडे वळू. येथे मात्र माझा मतभेद आपल्या रूढ अध्यापनाशी आहे आणि तो स्पष्टपणे मांडणे अवश्य वाटते. शाळांतून या पुस्तकातील उतारे शिकवले जातात, तेव्हा बहुधा दोन गोष्टी सांगितल्या जातात. लक्ष्मीबाईंचा विनोद निर्मळ होता, ही पहिली; आणि लहरी, उधळ्या, तापट पतीचा संसार त्यांनी सोशिकपणाने निभावला, ही दुसरी. पहिली गोष्ट खरी आहे. दुसरी मात्र पुस्तकाने दिलेल्या साक्षीला धरून नाही आणि ती सांगितल्याने मुलामुलींच्या मनावर चुकीचा संस्कार होतो, असे माझे मत आहे.

पुस्तक काय सांगते, ते पाहू. लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाले. त्या घटनेचा त्यांच्या वडिलांच्या मनावर असा काही आघात झाला की त्यांनी आयुष्यभर सोवळ्याचे विलक्षण स्तोम माजविले. धुणे, पुन्हा धुणे आणि तरीही विटाळाची शंका न फिटणे, यात साऱ्या घराचे दिवस गेले. लक्ष्मीबाई हे सर्व हसत हसत सांगतात आणि वाचकही हसतो. परंतु हसे ओसरल्यावर ध्यानात येते की हे भयाने चालवलेल्या घराचे वर्णन आहे. राजकारणातील एका घटनेने स्वयंपाकघरात प्रवेश केला आणि तेथून तिला बाहेर काढणे कोणालाच जमले नाही. त्या घरात अन्न होते, नाती होती, धर्म होता; तरी ते घर सर्वांनाच जाचक झाले, कारण तेथे एका माणसाच्या भीतीला सर्वांनी कायदा म्हणून मानावयाचे होते.

पुढे नारायण वामन टिळकांशी विवाह झाला आणि बिऱ्हाडांची मालिका सुरू झाली. नाशिक, नागपूर, राजनांदगाव, पुढे नगर, आणि टिळकांच्या निधनानंतर थेट कराची. यांतील काही गावे आजच्या महाराष्ट्राबाहेरची आहेत, एक तर देशाबाहेरचे झाले आहे. त्या अर्थाने ‘स्मृतिचित्रे’ हे बृहन्महाराष्ट्राचेही पुस्तक आहे, हे आपण विसरू नये. टिळक न सांगता निघून जात, हाती आलेला पैसा दुसऱ्याच्या गरजेला देऊन टाकीत, रागाच्या भरात काहीही करीत. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तोही पत्नीला मागे ठेवून. येथून पुढची सुमारे पाच वर्षे हा या पुस्तकाचा कणा आहे.

या पाच वर्षांत लक्ष्मीबाईंनी काय केले? मुकाट्याने सोसले, असे उत्तर देता येत नाही. त्या बहिणीच्या घरी पंढरपुरास राहिल्या. त्यांनी शोक केला, संताप केला, पतीशी पत्रव्यवहार केला. पुढे मुलाला घेऊन नगरला आल्या, तेव्हाही त्या एकदम टिळकांच्या घरात गेल्या नाहीत; आपला आचार सांभाळून, आपली चूल निराळी ठेवून राहिल्या आणि टिळकांनी ती व्यवस्था मान्य केली. जातिभेदाविषयीचे त्यांचे मत पुढे बदलले, ते त्यांच्या स्वतःच्या विचाराने आणि त्यांच्या स्वतःच्या गतीने. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो या वाटेच्या शेवटी. धर्मांतराविषयी वाचकाचे मत काहीही असो. वाङ्मयीन दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की मोडलेले घर पुन्हा सांधले गेले, ते सोशिकपणाने नव्हे, तर निराळ्या चुलीने. पत्नीला ‘नाही’ म्हणता आले, आणि तो नकार पतीने ऐकून घेतला. टिळकांच्या स्वभावातील अनेक दोष लक्ष्मीबाईंनी झाकले नाहीत; पण या एका बाबतीत ते महादेवाहून आणि वाड्यातील पुरुषांहून निराळे ठरतात, हेही त्यांनीच दाखवले आहे.

याच दृष्टीने त्यांच्या विनोदाचाही पुनर्विचार केला पाहिजे. तो विनोद म्हणजे दुःखावर घातलेले पांघरूण आहे, असे समजणे बरोबर नाही. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे १९१० सालचे पुस्तक शेजारी ठेवले, म्हणजे फरक कळतो. घरातील स्त्रियांचा विरोध सोसून रमाबाई शिकल्या, त्या पतीच्या आधाराने. त्यांचे पुस्तक थोर आहे. पण त्यातील पत्नी पतीकडे खालून वर पाहते, आणि न्यायमूर्तींसारखा पुरुष असता ते स्वाभाविकही होते. लक्ष्मीबाई पतीकडे समोरून पाहतात. त्या स्वतःला हसतात आणि त्याच दमात टिळकांनाही हसतात. त्यांची छोटी, बोलण्याच्या वळणाची वाक्ये दोघांनाही एकाच मापाने मोजतात. हसता येणे ही त्या घरातील समतेची खूण आहे. तात्याजींच्या वाड्यात तात्याजींना कोणी हसले असेल, अशी कल्पनाही करवत नाही.

आणखी एक गोष्ट. टिळकांचे घर बाहेरच्यांना खुले होते. दुष्काळात आणि संकटात सापडलेली मुले तेथे वाढली. बालकवी ठोमरे तेथे राहिले. त्यांच्या वृत्तीचे जिवंत चित्र लक्ष्मीबाईंनी रेखाटले आहे. ज्या मुलीचे बालपण सोवळ्याच्या घरात गेले, तिचाच उंबरठा एवढा रुंद व्हावा, हा या पुस्तकातील मोठा प्रवास आहे. मात्र या औदार्याचे कष्टाचे बिल कोणाकडे जात होते, हे विचारणे टीकाकाराचे कर्तव्य आहे. पाहुणा टिळक आणीत आणि पीठ लक्ष्मीबाईंना पाहावे लागे. ‘स्मृतिचित्रे’तील घर आदर्श घर नव्हे, ते राहण्याजोगे घर आहे, आणि या दोहोंत भेद आहे. आदर्श घरात तक्रारीला जागा नसते. राहण्याजोग्या घरात तक्रार करता येते, तिची नोंद होते आणि प्रसंगी तिच्यामुळे व्यवस्था बदलते.

येथे एक आक्षेप उपस्थित होईल. लक्ष्मीबाईंना निराळी चूल मांडता आली, कारण त्यांना पंढरपूरचे घर होते. बहीण आणि मेहुणे यांचा आश्रय होता. कौतिकला असे भक्कम दुसरे दार कोठे होते? आक्षेप रास्त आहे, आणि तो माझ्या म्हणण्याला छेद न देता ते पुरे करतो. एखाद्या घरात राहणे माणसाला सुसह्य होते, ते त्या घराबाहेरही त्याला कोठे तरी जागा असते तेव्हा. परत येणे याला अर्थ येतो, तो न येण्याची शक्यता असते म्हणूनच. ही गोष्ट कायद्याने फार उशिरा ओळखली. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने स्त्रीला वारसाहक्क दिला. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क मिळाला तो २००५ च्या दुरुस्तीने. आणि त्याच वर्षीच्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने पत्नीचा राहत्या घरात राहण्याचा हक्क शब्दांत मांडला. प्रभेचा वाडा २००५ चे हे कायदे होण्यापूर्वीचा आहे आणि कौतिकला त्यांची बातमीही लागली नसती. कायद्याने हक्क मिळतो. घरपण त्याने मिळत नाही. परंतु हक्काच्या अभावी घरपणाच्या गोष्टी करणे म्हणजे कौतिकला गृहिणीधर्मावर व्याख्यान देण्यासारखे आहे.

या तीन कृतींतून निघणारे उत्तर असे मांडता येईल. घर राहण्याजोगे होते, ते त्यात बोललेल्या शब्दाचा परिणाम होतो म्हणून. ओझे एकाच खांद्यावर राहत नाही म्हणून. आणि उंबरठा दोन्ही बाजूंनी ओलांडता येतो म्हणून. वाड्यात पहिली गोष्ट नव्हती, कौतिकच्या घरात दुसरी नव्हती, सोवळ्याच्या घरात तिसरी नव्हती. टिळकांच्या बिऱ्हाडात या तिन्ही गोष्टी अर्ध्यामुर्ध्या, भांडून मिळवलेल्या अशा होत्या, पण होत्या.

हा विचार आपल्यासारख्या, महाराष्ट्राच्या सीमेवर किंवा सीमेपलीकडे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी माणसांना विशेष लागू आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील जुन्या मराठी कुटुंबांना ‘वाडा चिरेबंदी’ पाहताना परके वाटण्याचे कारण नाही. वाडे आपणही पाहिले आहेत आणि ते वाटले जाताना व विकले जातानाही पाहिले आहेत. पण मला अधिक चिंता वाटते ती भाषेच्या वाड्याची. आपल्या संस्था, ग्रंथालये, वार्षिक उत्सव यांचे चिरे आपण निगुतीने सांभाळतो. त्यांत तरुण मुलाने अशुद्ध, हिंदी, गुजराती किंवा कानडी वळणाचे मराठी बोलले, तर ते आपण ऐकून घेतो, की सोवळ्यातील माणसाने हात मागे घ्यावा तसे दूर सरतो? भाषा ही आपल्या मुलांना राहते घर वाटावयाची असेल, तर तेथेही वरील तीनच कसोट्या लागतील.

अध्यापकांना एक सूचना करावीशी वाटते. ‘स्मृतिचित्रे’चा उतारा शिकवताना ‘लक्ष्मीबाईंच्या सहनशीलतेचे वर्णन करा’ हा प्रश्न घालणे थांबवावे. त्याऐवजी असे विचारावे : या प्रसंगात लक्ष्मीबाईंनी कोणती गोष्ट मान्य केली नाही? ती त्यांनी कोणत्या शब्दांत सांगितली? टिळकांनी ती ऐकली का? वरच्या वर्गांत ‘धग’मधील एखादे प्रकरण जोडीला ठेवावे आणि कौतिकविषयी हेच तीन प्रश्न विचारावेत. मुले उतारा पुन्हा वाचतील. आणि पुष्कळशी आपापल्या घराकडेही नव्याने पाहतील, यात मला शंका नाही. मुलींना सोशिकपणाचा धडा देणारे पुस्तक म्हणून ज्याची ओळख आपण करून देत आलो, ते पुस्तक मुलग्यांना ऐकण्याचा धडा देते, हे त्यांना वर्गातच कळले पाहिजे.